मावशीच्या खोलीतली करवती

थोरलीला गवत लावायची नोकरी लागली तेव्हा घरात आठवडाभर कुणाला हसू आवरत नव्हतं. नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर. तो म्हणाला, "गवत? ते तर न लावता येतं. उद्या तुला पाऊस पाडायच्या कामावर घेतील." पोती शिवायचा कारखाना बंद पडल्यापासून थोरली घरी बसून होती, आणि रिकामं बसणं तिला मानवत नव्हतं. भावंडांत सगळ्यात मोठी म्हणून लहानपणी थोरली म्हणत, तेच नाव पुढे सासरीही चिकटलं होतं.

काम होतं गावाखालच्या सखलात. या सखलातच थोरलीचा जन्म झाला होता. तिचे बाबा गवंडी. ते सांगायचे, इथे आधी नुसती करवती होती. पुरुषाच्या डोक्याच्याही वर जाणारं गवत, पात्याच्या कडेला बारीक दाते. नुसता हात फिरवला तरी रक्त यायचं, म्हणून करवती. पावसाळाभर मुळं पाण्यात, उन्हाळ्यात जमीन दगडासारखी कडक, तरी तिला काही व्हायचं नाही. ती कापून, खणून, वर भर घालून तिथे वस्ती उभारली. एकाला एक लागून खोल्या, मध्ये गल्ल्या, टोकाला नळ. माणसं राहायला आली, पण पाणी काही आपली जागा विसरलं नाही. दर पावसाळ्यात ते घरात यायचं, आणि लोक भांडी माळ्यावर चढवून खाटांवर पाय वर घेऊन बसायचे. अखेर सरकारला सुचलं. सगळ्यांना वर टेकाडावर नव्या इमारतींत हलवलं, खालच्या खोल्या पाडल्या, आणि सखल पुन्हा पाण्याला देऊन टाकलं. पाणी धरून ठेवायला करवतीसारखं दुसरं काही नाही, असं ठरलं. त्यासाठी एक मॅडम नेमल्या आणि मॅडमनी बायका कामावर घेतल्या.

चिखलात वाकून रोपं लावायची, तण काढायचं, पक्षी दिसले तर सांगायचे. पहिल्या पावसाळ्यात करवती जेमतेम घोट्याला लागली. नवऱ्याला आयतं कोलीत मिळालं. पण मॅडम म्हणाल्या, "ती आधी खाली वाढते. वर यायची तिला घाई नसते." आणि तसंच झालं. एका वर्षी पाणी ओसरलं आणि बघता बघता गवत कमरेला, मग खांद्याला लागलं, मग आत शिरलेली बाई दिसेनाशी झाली. तुरे आले, कंगव्यासारखे, सगळे दाते एका बाजूला झुकलेले.

सखलाच्या कडेला पक्षी बघायला लाकडी मचाण बांधलं होतं. एका दुपारी थोरली डबा घेऊन वर चढली, सहज खाली नजर गेली, आणि घास हातातच राहिला.

गवत सारखं वाढलेलं नव्हतं. मध्ये मध्ये खुजं, पिवळट पट्टे होते, सरळ आणि काटकोनात वळणारे. आधी तिला वाटलं, पाण्याचे पाट असतील. मग एक पट्टा टोकाला जाऊन चौकोनात थांबला आणि तिच्या लक्षात आलं की तो नळाचा ओटा आहे. त्याच्या अलीकडे त्यांची गल्ली. गल्लीच्या दोन्ही अंगांना खोल्या. प्रत्येक खोलीच्या चार भिंती, आणि भिंतीत जिथे दार होतं तिथे पट्टा तुटलेला. पाडलेली वस्ती जशीच्या तशी गवतात उभी होती. फक्त छपरं नव्हती, आणि माणसं.

मॅडमनी समजावून सांगितलं. "लादी आणि विटा उचलून नेल्या, पण भिंतींचे पाये खालीच राहिले. तिथे मुळांना खोल जाता येत नाही, म्हणून गवत खुजं. जिथे माती भुसभुशीत तिथे उंच. जमीन विसरत नाही हो, ताई." त्या हसल्या. थोरलीला हसू आलं नाही.

बातमी टेकाडावर पोचली आणि तिथे जत्राच भरली. जो तो मचाणावर चढून आपली खोली शोधायला लागला. "ते बघ आमचं न्हाणीघर!" "अहो, ते आमचं. तुमचं कधी एवढं मोठं होतं?" पाडलेल्या भिंतीवरून दोन जावांचं जुनं भांडण पुन्हा पेटलं. सगळे येऊन गेले. फक्त शिवणाच्या मावशी आल्या नाहीत.

मावशी म्हणजे सखलातल्या शेजारीण. त्यांची आणि थोरलीच्या माहेरची भिंत एक. आता टेकाडावर थोरलीच्याच इमारतीत, तळमजल्यावर एकट्या राहायच्या. वय झालं होतं, पण मशीन सुटलं नव्हतं. त्यांचा नवरा बसचा कंडक्टर. तो इतका उंच होता की बसमध्ये मान वाकडी करून उभा राहायचा, आणि घरी आल्यावरही ती मान सरळ व्हायची नाही, दारातून वाकूनच आत. आवाज मोठा. थांबे ओरडायचा त्याच आवाजात बायकोवर ओरडायचा, आणि नुसतं ओरडून भागायचं नाही. भिंतीपलीकडे धप्प झालं की थोरलीची आई उठून रेडिओ मोठा करायची. मग एका पावसाळ्यानंतर तो दिसेनासा झाला. लांबच्या शहरात नोकरी लागली, असं मावशींनी सांगितलं. कुणी फार खोदून विचारलं नाही. गल्लीने सुटकेचा श्वास सोडला, एवढंच.

थोरली एका सकाळी एकटीच गवतात शिरली. तण बघायचं निमित्त होतं. आत हवा कोंदट, चिखलाचा आणि कुजलेल्या पानांचा वास, आणि वर फक्त आभाळाची चिंधी. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण पाय आपोआप वळत होते. नळापासून उजवीकडे, मग डावीकडे. एका जागी तिने पाय उचलून टाकला आणि मग तिला कळलं की आपण उंबरा ओलांडला. ती आईच्या स्वयंपाकघरात उभी होती.

वारा पडला होता. तिच्या भोवतालचं एकही पातं हलत नव्हतं. आणि तरी भिंतीपलीकडे, मावशीच्या खोलीत, गवत सळसळत होतं. पाणकोंबडी असेल, ती स्वतःला म्हणाली. तिने टाळी वाजवली. पाणकोंबडी असती तर उडाली असती. सळसळ थांबली, म्हणजे कुणीतरी ऐकायला थांबावं तशी.

तिने मागे वळून पाहिलं नाही. हातातोंडावर ओरखडे घेत ती बाहेर आली आणि थेट मचाणावर चढली. मावशीच्या खोलीतल्या गवतात एक पट्टा होता, बाकीच्यांपेक्षा हातभर उंच, गर्द हिरवा, भिंतींना तिरका. रुंदीला खाटेएवढा. लांबीला खाटेपेक्षा बराच जास्त. कुणीतरी अंथरुणात कुशीवर झोपलं आहे, असं वरून दिसत होतं.

आणि मग तिला बाबा आठवले. कंडक्टर दिसेनासा झाला तो पावसाळा संपताना मावशीच्या खोलीत नवी लादी बसवणारे बाबा. ती पाण्याची बादली घेऊन गेली होती. बाबा कधी आवाज चढवायचे नाहीत, पण त्या दिवशी दारातूनच ओरडले होते, "आत यायचं नाही. ठेव तिथे आणि जा." काम दार लावून केलं. मावशींनी दिलेला चहा तसाच निवत ठेवला. संध्याकाळी नळावर किती वेळ हात धूत बसले होते, आणि आई मागे उभी राहून काहीच विचारत नव्हती.

थोरलीने तोंडाला कुलूप लावलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. पण त्यानंतर जिन्यातून जाताना मावशीच्या दाराशी ती रेंगाळायची. एकदा मावशींनीच हाक मारली.

"काय गं, आमची खोली दिसते म्हणे?"

"दिसते, मावशी."

"गवत बरं वाढलंय?"

"चांगलं वाढलंय."

मावशींनी दोरा दातांनी तोडला.

गोष्ट इथेच राहिली असती. पण मॅडमना त्या पट्ट्याचं कुतूहल लागलं. एवढी जोमदार करवती दुसरीकडे कुठे नव्हती. मुळं किती खोल गेली, खाली कसली माती आहे, ते बघायला तिथेच खड्डा घ्यायचा असं त्यांनी ठरवलं. "परवा खणू," त्या उत्साहाने म्हणाल्या. थोरली तडक मावशीकडे गेली आणि दार लोटून घेतलं.

"मावशी, तुमच्या खोलीत खणणार आहेत."

मावशी सुईत दोरा ओवत होत्या. हात थांबला नाही. दोरा ओवून झाल्यावर त्यांनी सुई कापडात खोचली आणि म्हणाल्या, "बस."

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात. पाणी गुडघ्याला लागलं होतं. तो पिऊन आला होता. त्यांच्या अंगावर धावला आणि पाय सरकला. मशीनच्या लोखंडी पायावर डोकं आपटलं आणि तोंड पाण्यात गेलं.

"हात धरून ओढलं असतं तर वाचला असता. मी खाटेवर होते. पाय वर घेऊन बसून राहिले. पाणी शांत झालं, तरी बसून राहिले. मग भिंतीवर थाप मारून तुझ्या बापाला बोलावलं. देवमाणूस. एक शब्द बोलला नाही. पाणी उतरेपर्यंत थांबलो, आणि मग त्याने पुढचं सगळं केलं."

थोरलीने विचारलं, "आणि तुम्ही तिथेच राहिलात? त्याच लादीवर?"

"मग कुठे जाणार? त्याच्यावरच मशीन मांडलं. खरं सांगू? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला शांत झोप लागली. कधी कुठून येईल ही भीतीच नव्हती. कुठे आहे ते ठाऊक होतं ना." त्या उठल्या. "खणू दे त्यांना. या वयात माझं कोण काय करणार आहे? मी पण येते."

आणि त्या खरंच आल्या. पायात रबरी बूट, डोक्यावर छत्री. थोरलीने त्यांचा हात धरून गवतातून नेलं, पण नळाच्या पुढे हात धरायची गरजच पडली नाही. मावशी आपल्या दारातून आत गेल्या. आत जाताना भिंतीकडे सरकल्या, कुणीतरी वाट अडवून बसलं असावं तसं अंग चोरून.

दोन गडी आणि थोरली मिळून खणायला लागले. वरच्या थरात मुळांचं इतकं दाट जाळं होतं की कुदळ अडकत होती. खाली मुळं पांढरी, दोऱ्यासारखी, सरळ खोल गेलेली. माती काळी, ओली, लोण्यासारखी कापली जाणारी. खड्डा कमरेला आला. प्रत्येक घावाला थोरली डोळे मिटून घेत होती. खड्डा छातीला आला.

काही नव्हतं.

हाड नाही, चिंधी नाही, बटण नाही. नुसती माती आणि मुळं. मॅडम खड्ड्यात वाकून हरखून गेल्या होत्या, "बघा बघा, अजून खाली गेलंय!" मावशींनी थोरलीला जवळ ओढलं. कानाशी म्हणाल्या, "नीट बघ. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला पितळी बक्कल होतं. मी काढलं नव्हतं."

थोरलीने खाली उतरून हाताने माती चाचपली. बोटं कापली, पण हाताला काही लागलं नाही. तिने वर बघून मान हलवली.

मावशींचा चेहरा तिला जन्मभर विसरता आला नाही. खणायला सुरुवात केली तेव्हा त्या निवांत होत्या. आता मान वळवून आजूबाजूच्या गवतात बघत होत्या. "मग तो गेला कुठे?" त्या म्हणाल्या. "थोरले, तो गेला कुठे?"

त्या दिवसापासून मावशी भरदिवसाही दाराला कडी लावायला लागल्या. जिन्यात पाऊल वाजलं की आतून विचारायच्या, "कोण?" आणि उत्तर मिळालं तरी पुन्हा विचारायच्या. मशीन बंद पडलं. त्या खुर्ची दाराला टेकवून तिच्यावर बसून राहायच्या. बस इमारतीखाली थांबली की अंगाचं मुटकुळं करायच्या. थोरली जेवण घेऊन जायची ते तसंच परत यायचं. थोरलीला वाटायचं, आपण हे कुणाला सांगावं? आणि सांगावं तरी काय? एक मेलेला माणूस सापडत नाही, म्हणून एक म्हातारी झुरते आहे?

अखेर तिने मॅडमना आडून विचारलं. एवढी जुनी वस्ती, जमिनीत काहीच कसं सापडलं नाही?

"कसं सापडेल?" मॅडम म्हणाल्या. "त्या खोलीत वस्ती पाडताना खोदायच्या यंत्राने फार खोलवर उकरलेलं आहे. लादीबरोबर खालची मातीही उचलली आणि खड्ड्यात नंतर गाळ भरला. म्हणून तर तिथे गवत इतकं माजलं. ती सगळी माती वर गेली. टेकाडाला उतार होता ना, तो भरून काढला. तुमच्या इमारतींच्या मागचं सगळं अंगण त्याच मातीचं आहे."

थोरलीने वर टेकाडाकडे पाहिलं. मग कामाला लागली. हे तिने मावशींना सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही.

पाऊस सुरू झाला, आणि इमारतीच्या मागे फरशीच्या फटीतून एक कोंब वर आला. मावशीच्या खिडकीच्या बरोबर खाली. टेकाडावर करवती कधी होत नाही, तिला सखल लागतं, पाणी लागतं. झाडूवाल्याने तो दोनदा उपटला आणि तो दोनदा आला. मग फरशीच उचकटली आणि अख्खा झुपका उभा राहिला. महिनाभरही पाऊस झाला नसेल, तोवर तो खिडकीच्या गजांपर्यंत पोचला. पुढे गजांच्याही वर गेला, आणि वर सज्जा आडवा आला तिथे त्याने मान वाकवली. खोलीत बघावं तसा.

थोरलीने तो पाहिला आणि ती धावत मावशीच्या दाराशी गेली. दाराला कडी नव्हती. आत मशीनचा आवाज येत होता.

मावशी खिडकीशी मशीन मांडून बसल्या होत्या. केस विंचरलेले, चेहऱ्यावर रंग. बाहेर करवती काचेला घासत होती, खर्र, खर्र.

"आला," मावशी म्हणाल्या, जणू उशिरा आलेल्या पाहुण्याबद्दल बोलत असाव्यात. "बस ना. चहा टाकते. रात्री इतकी झोप लागली म्हणून सांगू!"

थोरलीने चहा घेतला. पाठ खिडकीकडे करायचा तिला धीर झाला नाही, आणि तोंड करायचाही नाही.

इमारतीतल्या लोकांनी कुरकुर केली. साप येतील, डास होतील. नवरा म्हणाला, "तुझ्या हाताला गुण आहे, आता घरामागेही लाव." मॅडम बघायला आल्या आणि गुडघ्यावर बसल्या. आधी वरचं सांडपाणी कुठून गळतं ते शोधलं, मग तुरा हातात घेऊन निरखत राहिल्या. "ही आपण लावलेली नाही. आपलं बी लांबून आणलं होतं. ही इथली. मूळची. भरावाच्या मातीत मूळ जिवंत राहिलं." कुणी हात लावायचा नाही, असा फलक त्यांनी तिथे ठोकला. तुरे पिकल्यावर बी काढून सखलात पेरायचं ठरलं, आणि ते काम अर्थातच थोरलीकडे आलं.

तिने मावशींना विचारलं. विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"ने," मावशी म्हणाल्या. "पण सगळं नेऊ नकोस. इथे थोडा राहू दे."

थोरलीने सखलात बी टाकलं ते हातमोजे घालून, मान खाली घालून, आणि वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून कधी नाही. काही दाणे तरी केसांत अडकले. घरी आल्यावर तिने डोकं धुतलं, आणि पुन्हा धुतलं. पण काम तिने सोडलं नाही. पुढे विचारलं तर म्हणायची, त्या मातीत बाबांचेही हात होते, कुणीतरी नीट पार पाडायलाच हवं होतं. एवढं म्हणून विषय बदलायची.

मावशी त्यानंतर काही वर्षं चांगल्या जगल्या. त्यांनी थोरलीच्या सुनेचं पोलकं शिवलं, नातवाची झबली शिवली. कोरड्या दिवसांत करवती वाळून पिवळी पडायची तेव्हा त्या जरा कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. हिरवा कोंब आला की पुन्हा मशीन चालू.

गेल्या तेही सकाळच्या उन्हात, खुर्चीत बसल्या बसल्या. मशीनवर अर्धवट शिवलेली बाही होती आणि खिडकी सताड उघडी. जवळचं कुणी नव्हतं, म्हणून अंघोळ घालायला थोरलीच बसली. तिने चेहरा पुसला, मान पुसली, आणि हात पुसायला मूठ उघडली.

दोन्ही तळव्यांवर बारीक बारीक रेघा होत्या. असंख्य, आडव्या, एकमेकींवरून गेलेल्या. काही जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. काही तांबूस. दोन-तीन अगदी ताज्या, आज सकाळच्या. गजांतून हात बाहेर घालून, पाती मुठीत धरून, ओढल्याच्या.

किंवा कुणी ओढल्याच्या.

बाहेर बायका थांबल्या होत्या, आत यायचं का म्हणून विचारत होत्या. "थांबा जरा," थोरली म्हणाली. तिने एकेक बोट मिटवून मुठी पुन्हा बंद केल्या, पांढरी चादर मनगटांवरून ओढून घेतली, आणि मग दार उघडलं.